'असल्यास', 'नसल्यास' आणि 'प्रश्न उद्भवत नाही' : मंत्र्यांना विचारलेल्या प्रश्नाचे पुढे काय होते?

पाणंद

आमच्या गावची नळपाणी योजना चार वर्षांपासून अर्धवट पडून आहे. टाकीचे खांब उभे आहेत, वर टाकी नाही. जलवाहिनी पुरलेली आहे, पण ती विहिरीला जोडलेली नाही. मागील अधिवेशनात आमच्या भागातील आमदारांनी याविषयी तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणारा, प्रश्न दिला होता आणि त्याचे छापील उत्तर मी विधिमंडळाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतले. प्रश्नाचा साचा अनेकांच्या परिचयाचा असेल. पहिला भाग: काम निकृष्ट होऊन रखडल्याने ग्रामस्थांची गैरसोय होत असल्याचे निदर्शनास आले आहे, हे खरे आहे काय? दुसरा: असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? तिसरा: असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? चौथा: नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

उत्तर पुढीलप्रमाणे आहे. पहिल्या भागाला 'हे अंशतः खरे आहे'. दुसऱ्या व तिसऱ्या भागाला मिळून 'काम प्रगतीपथावर असून ते पूर्ण करण्याच्या सूचना देण्यात आल्या आहेत'. चौथ्या भागाला 'प्रश्न उद्भवत नाही'.

चार वर्षे कोरडा नळ पाहणाऱ्या माणसाला विलंबाच्या कारणाचा प्रश्न उद्भवत नाही असे शासन सांगते, तेव्हा ही सगळी यंत्रणा नेमकी चालते कशी, हे समजून घ्यावेसे वाटते. काय खरे होते आणि काय खरे नव्हते, हे या उत्तरावरून मला अजूनही कळलेले नाही. हा धागा तक्रारीसाठी काढलेला नाही. प्रश्न देण्यापासून उत्तर येईपर्यंत, आणि उत्तर आल्यानंतरही, काय घडते याची माहिती असलेल्यांनी ती सविस्तर लिहावी, ही विनंती.

टिपणीकार

मंत्रालयात माझी पुष्कळ वर्षे कार्यासनावर, म्हणजे विभागातील एकेक विषय हाताळणाऱ्या टेबलावर, गेली. अशी उत्तरे मी स्वतः शेकड्याने तयार केली आहेत, त्यामुळे आपल्या रोषाचा काही वाटा माझ्याकडेही येतो.

सदस्य अधिवेशन सुरू होण्याच्या बऱ्याच आधी प्रश्नांच्या सूचना विधानमंडळ सचिवालयाकडे देतात. तेथे नियमांच्या चाळणीतून प्रश्न जातो. त्यात तर्क, आरोप, उपरोध किंवा मतप्रदर्शन चालत नाही, न्यायप्रविष्ट बाब चालत नाही, आणि आधी उत्तर दिलेला विषय पुन्हा तसाच विचारता येत नाही. सदस्याने तावातावाने लिहिलेला मजकूर या चाळणीतून बाहेर पडतो तेव्हा त्याला 'हे खरे आहे काय'चे शासकीय वळण मिळालेले असते. एकाच विषयावर अनेकांनी सूचना दिल्या असतील तर त्या एकत्र केल्या जातात, म्हणूनच काही प्रश्नांवर सदस्यांच्या नावांनी अर्धे पान भरलेले दिसते. त्यातील निम्म्यांना तो विषय आपल्या नावावर आहे हे त्या दिवशी सकाळी कळते, असे म्हटले तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

नंतर प्रश्न विभागाकडे येतो. पहिला दिवस बहुधा तो कोणाचा आहे या वादात जातो, कारण पाणीपुरवठा विभागाला तो ग्रामविकासाचा वाटतो आणि ग्रामविकासाला पाणीपुरवठ्याचा. एकदा कार्यासन निश्चित झाले की क्षेत्रीय कार्यालयाला 'अत्यंत तातडीचे, विधिमंडळ कामकाज' असा शेरा मारून पत्र जाते. जिल्ह्यातून माहिती येते ती ज्या कार्यालयाच्या कामाविषयी तक्रार आहे त्याच कार्यालयाकडून, आणि आपल्या प्रकरणातील गोम इथेच आहे. योजना रखडली असे ज्या अभियंत्याने लिहावयाचे, रखडल्याचा जाब त्यालाच द्यावा लागणार असतो. तो 'रखडली' असे लिहीत नाही. 'प्रगतीपथावर आहे' असे लिहितो. ते खोटेही ठरत नाही, कारण मागील महिन्यात दोन खोल्यांएवढे खोदकाम झालेले असते.

मग उत्तराचा मसुदा कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सचिव असा वर चढत मंत्र्यांपर्यंत जातो आणि प्रत्येक पायरीवर त्यातील एखादा शब्द बोथट होतो. 'अंशतः खरे आहे' हे शब्द लबाडीचे वाटतात, आणि अनेकदा ते तसे असतातही. परंतु एका वाक्यात निकृष्ट काम, रखडलेले काम आणि लोकांची गैरसोय असे तीन आरोप गोवलेले असतील व त्यांपैकी एकच कागदावर सिद्ध होत असेल, तर मसुदा करणाऱ्याजवळ दुसरा प्रामाणिक शब्द नसतो. प्रश्नकर्त्यानेच त्याला ही पळवाट बांधून दिलेली असते.

निरंजना

टिपणीकार यांच्या शेवटच्या वाक्यावर थोडे थांबावेसे वाटते. 'असल्यास' आणि 'नसल्यास' यांच्यावर प्रश्न बांधला की त्याचे सर्व भाग पहिल्या भागाच्या एकाच खुंटीला टांगले जातात. पहिल्या भागाला 'हे खरे नाही' असे उत्तर आले की पुढचे तीन भाग आपोआप खाली पडतात आणि 'प्रश्न उद्भवत नाही' हे व्याकरणदृष्ट्या अगदी बिनचूक उत्तर ठरते. मंत्र्याला चुकवावे लागत नाही, वाक्यरचनाच त्याला सोडवते.

हा अधिकार आपल्याला सहज मिळालेला नाही, हेही येथे नोंदवते. १८९२ च्या कायद्याने कायदेमंडळातील सदस्यांना सरकारला प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली, पण उत्तर मिळाल्यावर त्यावर पुन्हा काही विचारण्याची सोय नव्हती. १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्न विचारता येऊ लागला आणि १९१९ च्या कायद्यानंतर तो अधिकार इतर सदस्यांनाही मिळाला. म्हणजे उपप्रश्नापर्यंत पोहोचण्यासाठीच सतरा वर्षे लागली. सरकारला त्याची धास्ती का वाटत असावी हे उघड आहे: मूळ प्रश्नाचे उत्तर कार्यालय देते, उपप्रश्नाचे उत्तर मात्र उभ्या असलेल्या माणसाला स्वतः द्यावे लागते.

स्वातंत्र्यानंतरचे मुंद्रा प्रकरण याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. आयुर्विमा महामंडळ स्थापन होऊन एक वर्षही झाले नसताना, १९५७ च्या जून महिन्यात, त्याने उद्योगपती हरिदास मुंद्रा यांच्या अडचणीतील कंपन्यांचे सव्वा कोटी रुपयांच्या आसपास किमतीचे समभाग घेतले. त्याविषयी लोकसभेत प्रथम प्रश्न आला तो राम सुभग सिंग आणि फिरोझ गांधी यांच्याकडून. दोघेही सत्ताधारी काँग्रेसचे होते, हे आजच्या वाचकाला मुद्दाम सांगावे लागते. एका उत्तराने समाधान झाले नाही म्हणून पुढच्या अधिवेशनात पुन्हा प्रश्न आले आणि डिसेंबरमध्ये फिरोझ गांधींनी सभागृहात सगळा व्यवहार तपशिलाने उलगडून मांडला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या एकसदस्य आयोगाने मुंबईत उघड सुनावणी घेतली आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना राजीनामा द्यावा लागला. या प्रकरणात 'गैरव्यवहार झाला, हे खरे आहे काय' असे मोघम विचारून भागले नसते. कोणत्या कंपन्या, किती रक्कम, कोणाच्या सल्ल्याने, बाजारभाव काय होता, असे प्रश्न होते आणि त्यांना 'अंशतः' असे उत्तर देता येत नाही.

अनभिज्ञ

माहितीबद्दल आभार. पण सदस्य स्वतःच्या मनाने प्रश्न देतात, हे गृहीत धरावे का? २००५ च्या डिसेंबरमध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल अकरा खासदारांना संसदेतून काढण्यात आले, त्यांत लोकसभेचे दहा आणि राज्यसभेचे एक होते. त्या दहांपैकी दोघे आपल्या खानदेशातील मतदारसंघांचे प्रतिनिधी होते.

निरंजना

गृहीत धरू नये. तो रोग जुना आहे. १९५१ मध्ये हंगामी संसदेचे सदस्य एच. जी. मुदगल यांच्यावर मुंबईच्या सराफ व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून लाभ घेऊन संसदेत प्रश्न विचारल्याचा ठपका आला आणि त्यांना जावे लागले. ज्या समितीने ती चौकशी केली तिचे अध्यक्ष टी. टी. कृष्णमाचारी होते. सात वर्षांनंतर त्यांच्यावर काय वेळ आली ते वर लिहिलेच आहे.

टिपणीकार

राज्यातही वेगळे नाही, फक्त पैशाऐवजी हितसंबंध म्हणावे. एखाद्या तालुक्यातील एकाच कंत्राटदाराच्या कामांवर एकाच अधिवेशनात पाच प्रश्न आले की कार्यासनावर बसलेल्या माणसाला प्रश्न कोणी लिहून दिला हे अक्षर न पाहताही समजते. प्रश्न मागे घेतला गेला की काय झाले असावे, हेही समजते. मात्र याचा एक वाईट परिणाम असा होतो की अधिकारी प्रत्येक प्रश्नाकडे संशयाने पाहू लागतात आणि पाणंद यांच्या गावासारखा खरा प्रश्नही त्याच गठ्ठ्यात जातो.

आता सभागृहातील भाग. प्रश्नोत्तराच्या तासाच्या आदल्या संध्याकाळी मंत्र्यांकडे ब्रीफिंग असते. छापील उत्तर चार ओळींचे, पण त्यासोबत आम्ही पूरक टिपणी देत असू ती दहा-बारा पानांची: योजनेची मूळ किंमत, सुधारित किंमत, कार्यारंभ आदेशाची तारीख, आजवर दिलेली देयके, दंड लावला असल्यास त्याचा दर, पूर्वीच्या तक्रारी. आपल्याला हवे असलेले जवळपास सर्व काही त्या टिपणीत असते. ती छापली जात नाही. सदस्याने नेमका उपप्रश्न विचारला तरच मंत्री त्यातील एखादी ओळ वाचतात. आम्ही अधिकारी सभागृहातील दीर्घेत (गॅलरीत) बसून चिठ्ठ्या पाठवत असू, आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तर मूळ धारिका मुंबईत राहिल्याने दूरध्वनीवरून आकडे मागवून त्या चिठ्ठीवर लिहिल्याचे मला आठवते.

उपप्रश्न कसे वाया जातात, तेही सांगतो. सदस्य उभे राहतात, तीन मिनिटे मतदारसंघाचे वर्णन करतात, अध्यक्ष 'प्रश्न विचारा, प्रश्न विचारा' असे दोनदा बजावतात, आणि शेवटी सदस्य विचारतात, 'मंत्री महोदय या प्रकरणी चौकशी करणार का आणि दोषींवर कारवाई करणार का?' मंत्री उत्तर देतात, 'चौकशी करण्यात येईल.' बाके वाजतात. टिपणीची बारा पाने तशीच बंद राहतात. याउलट, जुने अभ्यासू सदस्य एका ओळीत विचारीत: 'कंत्राटदाराला शेवटचे देयक कोणत्या तारखेला दिले आणि त्या दिवशी मोजमाप पुस्तिकेत किती काम नोंदलेले होते?' असा प्रश्न आला की दीर्घेत आमची धावपळ सुरू होई. मंत्र्यांजवळ उत्तर नसेल तर अध्यक्ष प्रश्न राखून ठेवीत, आणि राखून ठेवलेला प्रश्न ही विभागासाठी मोठी नामुष्की असे. पुढील आठवडाभर सचिव आम्हाला सुखाने जेवू देत नसत.

मांडवीकार

गोव्यातून थोडी भर घालतो. आमच्या विधानसभेत चाळीसच सदस्य आहेत आणि येथे या प्रश्नांना सर्रास 'एलएक्यू' (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन) म्हणतात. राज्य लहान असल्यामुळे सदस्याला सर्व्हे क्रमांकापर्यंत तपशील ठाऊक असतो आणि प्रश्नही तसाच पडतो: अमुक कालावधीत जमीन रूपांतराचे किती अर्ज आले, किती मंजूर झाले, गावनिहाय यादी द्यावी. या प्रश्नांची खरी संपत्ती तोंडी उत्तरात नसून उत्तरासोबत पटलावर ठेवलेल्या तक्त्यांत असते, आणि अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तराच्या, प्रश्नांना मिळालेले असे तक्ते वाचून येथील कार्यकर्त्यांनी पुष्कळ कामे केली आहेत. तारांकित प्रश्नाला मान आहे. माहिती मात्र मला बहुधा अतारांकित उत्तरांत सापडली आहे.

थेम्सकाठचा

मी बरीच वर्षे लंडनमध्ये राहतो. येथील पंतप्रधानांच्या प्रश्नोत्तरांचे भारतात फार कौतुक होते, म्हणून लिहितो. १९६१ पासून तो आठवड्यातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटांचा कार्यक्रम होता, १९९७ मध्ये टोनी ब्लेअर यांनी तो बुधवारी अर्ध्या तासाचा केला. तो पाहायला रंजक असतो, पण त्यातून माहिती क्वचितच निघते. दोन्ही बाजू घोषणा पाठ करून आलेल्या असतात. येथे मंत्र्याला घाम फुटतो तो समितीत. विभागनिहाय संसदीय समित्या (सिलेक्ट कमिट्या) १९७९ पासून आहेत आणि त्यांच्यापुढे मंत्री स्वतः येऊन बसतात, दीड-दोन तास, समोर कागद घेऊन बसलेले दहा-अकरा सदस्य, आणि एकच विषय. सभागृहात एका उपप्रश्नाने सुटणारा मंत्री तेथे पंधराव्या उपप्रश्नाला अडकतो.

निरंजना

हा फरक फार महत्त्वाचा आहे. आपल्याकडे संसदेत विभागांशी संलग्न स्थायी समित्या १९९३ पासून आहेत, परंतु त्यांच्यापुढे साक्षीसाठी सचिव येतात, मंत्र्यांना बोलावले जात नाही. म्हणजे मंत्र्याला समोरासमोर विचारण्याची जागा सभागृह हीच उरते. त्या जागेची रुंदी पाहा: लोकसभेत दिवसाला वीस तारांकित आणि दोनशे तीस अतारांकित प्रश्न घेतले जातात, आणि त्या विसांतील चार-सहांचीच तोंडी उत्तरे होतात. गोंधळात तास बुडाला तर तेवढीही होत नाहीत. २०२० च्या पावसाळी अधिवेशनात महासाथीचे कारण देऊन प्रश्नोत्तराचा तासच वगळला गेला, तेव्हा लेखी उत्तरे चालू होती म्हणून बिघडले काय, असे विचारले गेले. टिपणीकार यांनी वर्णन केलेली न छापलेली बारा पाने हे त्याचे उत्तर आहे.

अनभिज्ञ

मग 'चौकशी करण्यात येईल' असे सभागृहात सांगितल्यावर ती झाली नाही तर?

टिपणीकार

ते आश्वासन ठरते. कामकाजाच्या कार्यवृत्तातून अशी वाक्ये वेचली जातात आणि आश्वासन समिती विभागाकडे त्यांचा पाठपुरावा करते. लोकसभेत आश्वासन पूर्ण करण्यासाठी तीन महिन्यांची मुदत मानली जाते; मुदतवाढ मागता येते, आणि ती मागितली जाते. यासाठीच मंत्र्यांना आम्ही काही शब्द टाळण्यास सुचवीत असू. 'करण्यात येईल' हे आश्वासन होते. 'तपासून पाहण्यात येईल' यावर वाद घालता येतो. 'सदस्यांच्या भावनांची नोंद घेतली आहे' यात काहीच नसते. 'माझ्या दालनात बैठक लावतो' हे अलीकडचे आवडते वाक्य मात्र फसवे आहे, कारण सदस्याचे समाधान होते, विषय सभागृहाबाहेर जातो आणि बैठकीचे इतिवृत्त जनतेला दिसत नाही.

जाणूनबुजून खोटी माहिती दिल्यास हक्कभंगाची सूचना देता येते. माझ्या कारकिर्दीत तिची भीती पुष्कळ वेळा पाहिली, शेवट फार कमी वेळा पाहिला.

मांडवीकार

एक आठवण. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) ला, म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारण्याची मुभा देणाऱ्या कलमाला, असे परंतुक (जोडअट) होते की जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. आमदाराचा प्रश्न आणि नागरिकाचा अर्ज यांना जोडणारा तो पूल होता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने त्या कलमात बदल करताना ते परंतुक वगळले. योजनेच्या देयकांची माहिती वैयक्तिक नसली, तरी पाणंद यांनी आमदारांकरवी जावे, हे मला अधिक श्रेयस्कर वाटते.

पाणंद

सर्वांचे मनापासून आभार. आमदारांच्या स्वीय सहायकांशी बोललो. पुढील अधिवेशनासाठी मजकूर लिहून द्या, असे ते म्हणाले. वरील चर्चेवरून असा मसुदा केला आहे:

(१) सदर योजनेच्या कार्यारंभ आदेशाचा दिनांक व काम पूर्ण करण्याची विहित मुदत काय आहे;
(२) आजपर्यंत कंत्राटदारास अदा केलेल्या प्रत्येक देयकाचा दिनांक व रक्कम किती;
(३) मुदतीनंतर दंड आकारला आहे काय, असल्यास किती;
(४) टाकीचे काम कोणत्या दिनांकापासून बंद आहे;
(५) या दिरंगाईमुळे ग्रामस्थांमध्ये तीव्र असंतोष पसरला आहे, हे खरे आहे काय?

टिपणीकार

पहिले दोन भाग उत्तम आहेत. तिसऱ्यातील 'असल्यास' काढा आणि 'मुदतीनंतर आकारलेल्या दंडाची रक्कम किती' असे सरळ विचारा. दंड आकारलेला नसेल तर विभागाला 'निरंक' (काहीही नाही) असे लिहावे लागेल आणि तो शब्द मंत्री सहसा सही करण्यापूर्वी दोनदा वाचतात. चौथ्यात 'बंद आहे' असे विधान आपण करू नका, नाहीतर 'काम बंद नाही' असे उत्तर येईल. 'टाकीच्या कामाची मोजमाप पुस्तिकेतील शेवटची नोंद कोणत्या दिनांकाची आहे' असे लिहा.

पाचवा भाग संपूर्ण वगळा. असंतोष आहे हे मला मान्य आहे, परंतु त्याला 'हे खरे नाही' एवढेच उत्तर येईल आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात नेमके तेच छापले जाईल. त्या जागी मागील अधिवेशनातील उत्तराचा क्रमांक देऊन, त्यात नमूद केलेल्या 'सूचना' कोणत्या पत्राने, कोणत्या दिनांकास व कोणाला दिल्या, हे विचारा. आणि आमदारांना सांगा की उपप्रश्नाची संधी मिळाली तर गावाचे वर्णन करू नये. तारीख विचारावी आणि खाली बसावे.